सपानाच्या गोळीचा प्रसाद

माझ्या मुलीचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही. आमच्या घरात कुणाला कसलाही आजार नाही, त्यामुळे मुलीची कसली तपासणी झालेली नाही, आणि न झालेल्या तपासणीचा रिपोर्ट येत नसतो. ते वाक्य कागदावर चुकून पडलं. फुंकर मारा, उडून जाईल.

आता जे घडलंच नाही ते सांगते.

मी रूपी. तलासरीहून हायवे सोडून आत आलं की एक पाडा लागतो, तिथली सून. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले आणि बारावीला इंग्रजीत नापास झाले. म्हणजे शाळेतली सगळ्यात ढ मुलगी आणि पाड्यातली सगळ्यात शिकलेली सून, ही दोन्ही पदं माझ्याकडेच. नवरा मनिष उंबरगावला कंपनीत कामाला, आठवडाभर तिकडे खोलीवर राहतो आणि रविवारी घरी येतो. घरात मी आणि सासू. सासूचं नाव नवशी, मी तिला आये म्हणते. आयेचा स्वभाव फार चांगला आहे. या गोष्टीतला सगळा घोटाळा त्या चांगल्या स्वभावामुळेच झाला.

२०१६ च्या सुरुवातीला, थंडीतच मला दिवस गेले. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात सगळ्या गरोदर बायकांचं रक्त तपासतात, तसं माझंही तपासलं. मग मला एका वेगळ्या खोलीत बोलावलं. तिथे शितल मॅडम बसायच्या, समुपदेशक. समुपदेशक म्हणजे वाईट बातमी आधी खुर्चीवर बसवून मग सांगणारी व्यक्ती. मला खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. एरवी सरकारी कचेरीत मला कुणी खुर्ची दिलेली नाही.

एचआयव्ही. माझं झालं, मग मनिषचं तपासलं, त्यालाही तेच. माझ्यामुळे त्याला की त्याच्यामुळे मला, यावर आमचं भांडण व्हायला हवं होतं. पण त्या भांडणात दोघांनाही जिंकायचं नव्हतं, म्हणून आम्ही भजी खाल्ली आणि घरी आलो.

"रोज रात्री जेवून झोपताना एक गोळी," शितल मॅडमने सांगितलं. "कायमची. तू गोळी नीट घेतलीस तर बाळाला बहुतेक काही होणार नाही. पोटात असताना नाही, जन्मताना नाही, दुधातूनसुद्धा नाही. पण चुकवायची नाही हां, एकही. आणि सुरुवातीला चक्कर येईल, स्वप्नं पडतील."

मला वाटलं, एवढं कडू बोलल्यावर शेवटी काहीतरी गोड बोलायची पद्धत असेल. स्वप्नं पडतील!

लपवायचा प्रश्न सोपा निघाला. गरोदर बाईला लाल गोळी रक्ताची देतात आणि पांढरी कॅल्शियमची. माझी पांढरीच होती. गरोदर बाईने गोळी खाल्ली तर कुणी विचारत नाही, न खाल्ली तर सगळे विचारतात. डबीवरचं इंग्रजी वाचू शकेल अशी पाड्यात एकच व्यक्ती होती, आणि ती इंग्रजीत नापास होती.

पहिल्या रात्री खाट फिरायला लागली. दुसऱ्या रात्री मी खाटेसकट फिरायला लागले. मग स्वप्नं सुरू झाली. आधी मला कसली स्वप्नं पडायची? हंडा भरला, हंडा सांडला. आता रंगीत, आवाजासकट, वासासकट. नरपडच्या किनाऱ्यावर मासे पंचायतीची मीटिंग भरवतायत आणि सरपंच म्हणून एक सुका बोंबील निवडून येतोय. माझे इंग्रजीचे सर माझ्या सासूकडून इंग्रजी शिकतायत आणि नापास होतायत. सकाळी उठले की डोकं असं जड, जणू ती मीटिंग मीच चालवली.

मनिषलाही तीच गोळी. त्याला काही झालं नाही. तो आधीही मेल्यासारखा झोपायचा, नंतरही तसाच.

आता माझ्या तोंडाचा दोष. एका सकाळी हापशीवर पाणी भरताना शेजारची हिरी म्हणाली, "काय गो रूपे, डोळे कसे झालेत तुझे? झोपली नाहीस?"

"झोपले तर! सपान बघत होते. लाहूकाकाची बकरी अच्छाडच्या नाक्यावर उभी राहून ट्रक अडवत होती. ड्रायव्हरकडून कागद मागायची, वाचायची आणि खाऊन टाकायची."

बायका हसल्या. मीही हसले. लाहूकाका मागे उभा होता, तो हसला नाही. त्याची बकरी खरंच दोन दिवस सापडत नव्हती. त्याने हंडा तिथेच ठेवला आणि अच्छाडला निघून गेला.

बकरी तिथेच होती. एका धाब्याच्या मागे, भांडी घासायच्या जागी, उरलेल्या रोट्या खाऊन टम्म झालेली.

त्या दिवसापासून माझं शिक्षण, माझा स्वयंपाक, माझं नापास होणं, सगळं माफ झालं. दुसऱ्या सकाळी दारात चार माणसं. कुणाचा कोयता हरवलेला, कुणाच्या मुलीला चिखले गावातलं स्थळ आलेलं, कुणाला नुसतंच ऐकायचं होतं. येताना कुणी काकडी आणायचं, कुणी वाडीतले चिकू. आये दारात बसून माणसं ओळीने आत सोडायची. "आता नको, आता ती दात घासते," असं ती सांगायची तेव्हा मला मंत्री झाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू? मला आवडत होतं. आश्रमशाळेत मला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. विचारलं की उत्तर येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

इथे उत्तर यायची गरज नव्हती. मी स्वप्न सांगायची, अर्थ लोक स्वतःच काढायचे. बोंबील सरपंच झाला म्हणून सांगितलं, तर अर्थ निघाला की या वर्षी पोराचं लग्न समुद्राकडे होणार. आणि झालं.

अडचण अशी की आमच्या पाड्यात हे काम आधीच एकाकडे होतं. जिव्या भगत. म्हातारा, बारीक, कानात बिडी. हरवलं-सापडलं, ताप-खोकला, सगळं त्याच्याकडे. त्याच्या दारातली गर्दी माझ्या दारात आली, तसा तोही आला. बाहेरूनच बोलला.

"नवशी, तुझ्या सुनेला दिसते ना?"

"दिसते, दादा."

"मग ती दवाखान्याच्या गोळ्या कशाला खाते? सपान देवाचा. गोळी सरकारची. दोन्ही एका अंगात कसे राहतील? गोळी बंद कर, मग बघ कसा साफ दिसेल."

आयेला ते पटलं. तिला सगळ्यांचंच पटतं. आत येऊन ती म्हणाली, "रूपे, आजपासून गोळी नको. बाळ तर चांगलंच आहे."

आता बघा माझी अवस्था. स्वप्नं पडत होती गोळीमुळे. स्वप्नं आणखी चांगली पडावीत म्हणून पाडा मला गोळी सोडायला सांगत होता. हे समजावून सांगायचं तर गोळी कसली ते सांगायला लागणार. ते सांगितलं असतं तर दारातली ओळ उलट्या दिशेने पळाली असती, आणि माझा हंडा हापशीवर शेवटी लागला असता, कायमचा. न सांगावं तर गोळी बंद, आणि पोटातल्या बाळालाही तेच होणार.

त्यात अजून एक गंमत. मॅडमने म्हटलं होतं तसं, काही आठवड्यांनी स्वप्नं आपोआप थांबली होती. शरीराला सवय झाली. मी परत हंडा भरला, हंडा सांडला वर आले होते. सकाळी दारात माणसं आणि माझ्याकडे माल नाही. म्हणून मी बनवून सांगत होते. मला वाटतं मी बनवलेली जास्त चांगली होती, पण स्वतःच्या मालाबद्दल कोण वाईट बोलतं?

म्हणून त्या रात्री गोळी गुपचूप घेतली आणि सकाळी सगळ्यांसमोर, जिव्या भगतही होता, एक बनवून सांगितलं.

"डहाणूचा दवाखाना दिसला. मोठी लाईन. लाईनीत कणसरी उभी."

कणसरी म्हणजे आमची भाताची देवी.

"अंगावर दागिना नाही, हातात पिशवी. मी म्हटलं, माय, तू इथे? तर म्हणते, गोळी घ्यायला आले. मी म्हटलं, तुला कशाला गोळी? तर म्हणते, सगळ्यांना पोसायचं तर अंगात बळ नको? तूही घे, चुकवू नको."

आयेने दोन्ही हात जोडले. जिव्या भगताने कानातली बिडी काढली, परत ठेवली. "लाईनीत किती नंबर होता तिचा?" एवढंच त्याने विचारलं. कामातला माणूस, चूक शोधत होता.

"शेवटचा," मी म्हटलं. "कुणाला मागे ढकलत नाही ती."

हे त्यालाही खोडता आलं नाही. त्या दिवसापासून रात्री जेवण झालं की आये स्वतः गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायची. दवाखान्यात एवढी काळजी घेणारी माणसं नसतात. मी स्वतःवर फार खूष होते. जरा अंदाज घ्यायला हवा होता की देवीने खाल्लेली वस्तू आमच्याकडे पुढे काय होते.

भात कापायच्या दिवसांत मुलगी झाली, दवाखान्यातच. तिला काही आठवडे औषधाचे थेंब दिले. पाड्यात सांगितलं, पोट साफ व्हायला. फक्त अंगावरचं दूध, वरचं काही नाही, असं मॅडमने बजावलं होतं. मग टाचेतून रक्त घेतलं आणि सांगितलं, रिपोर्ट यायला वेळ लागेल. मी घरी येऊन वाट बघत बसले. दूध पाजताना रोज वाटायचं, यातून काय जात असेल? मुलगी मात्र एवढी चवीने प्यायची, की मला माझाच संशय घ्यायची लाज वाटायची.

झोडणी संपली, भात घरात आलं. म्हणजे कणसरी घरी आली. त्या दिवशी कोपऱ्यात भाताची रास, त्यावर कुंकू, नारळ, आणि पाड्यातली म्हातारी माणसं घरी. मी मुलीला घेऊन आत होते. संध्याकाळी बाहेर आले तर आये रिकामी डबी धुऊन उन्हात वाळत घालत होती.

"आये, ही डबी..."

"वाटला प्रसाद," आये आनंदाने म्हणाली. "तिच्या आवडीची वस्तू. एक एक सगळ्यांना. कुणी नाही म्हटलं नाही. बुधीबाईने तर दोन मागितल्या, मी एकच दिली. तरण्या पोरींना नाही दिल्या, पोरांना नाही दिल्या. म्हाताऱ्यांनाच. त्यांना कुठे काय दिसते आता?"

डबी कालच आणलेली, भरलेली होती.

मी डबी उचलून उलटी करून बघितली. मनिष उंबरगावला, त्याच्या गोळ्या त्याच्याकडे. मुलगी रडायला लागली, तिला दूध हवं होतं. मला पहिल्यांदा खरंच चक्कर आली, गोळी न खाता.

"सगळ्या वाटल्या?"

"तिचा वाटा ठेवला ना!" आयेने राशीकडे बोट दाखवलं. भातावर, कुंकवाच्या बाजूला, नारळाला टेकून एक पांढरी गोळी.

त्या रात्री मी देवीचा वाटा खाल्ला. आये झोपल्यावर हात जोडले, म्हटलं, माय, लाईनीत तू शेवटी उभी होतीस, एक दिवस अजून थांब. आणि गिळली. गोळीच्या जागी राशीवर एक वालाचा दाणा ठेवला.

सकाळी पाडा उठेना. आणि उठला तेव्हा गप्प होईना. बुधीबाई भिंत धरून चालत आली आणि म्हणाली, तिचा मेलेला नवरा विमान चालवत आला आणि तिला बसवलंच नाही. लाहूकाकाने बकरीचं लग्न बघितलं, हुंड्यासकट. एक म्हातारी नुसती रडत होती की एवढं छान सपान का संपलं. आणि जिव्या भगत. तो सरळ आत आला, खाटेवर बसला, डोकं धरून. त्याने दरिया बघितला होता. सगळा दरिया आमच्या शेतात, आणि तो त्यात उभा राहून प्रत्येक लाटेला नावाने हाक मारत होता.

"रूपे," तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत मला कधी काही दिसला नाही. मी अंदाजानेच सांगायचो."

"मी पण, दादा," मी म्हटलं.

मी चहा केला, दोघांनी प्यायला. धंद्यातली दोन माणसं.

मग मी पाड्याला सांगितलं की कणसरी रागावली आहे. तिचा प्रसाद एकाच्या नावाचा असतो, परत कुणी खाल्ला तर अंगावर येईल. हे खोटं नव्हतं, कारण शितल मॅडम नंतर जवळजवळ हेच बोलल्या, फक्त देवीचं नाव न घेता.

डहाणूला जायलाच हवं होतं. आये म्हणाली, मी पण येते, माझ्यामुळे संपल्या, मीच मागते. तिला नको म्हणायला कारण सापडेना. कारण शोधण्यात माझी सगळी अक्कल संपली होती. इको गाडीत बसलो, मुलगी तिच्या मांडीवर.

आमची ती दवाखान्यातली लाईन तुम्ही बघितली नसेल. तिथे प्रत्येकजण भिंतीकडे तोंड करून उभा असतो. कुणी रुमाल बांधलेला, कुणी हेल्मेट घातलेलं, बाईक नसतानाही. ओळखीचं कुणी दिसलं तर दोघंही दुसऱ्याच विभागात आल्यासारखं करतात. बोलत कुणीच नाही. मी पण पदर पुढे ओढून भिंतीतल्या भेगा बघत होते. मला त्या पाठ आहेत.

पुढच्या माणसाने डबी बाहेर काढली. पांढरी, निळ्या झाकणाची. आयेने ती बघितली. मग त्याच्या पुढच्या बाईच्या हातात तीच. मग तिच्याही पुढे. आये लाईनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली, आणि मला समजेपर्यंत ती पुढे गेली, मुलगी काखेत, आणि आमच्या पुढच्या त्या रुमालवाल्याला तिने हात जोडले.

"तुम्हाला पण दिसते का, बाबा?"

रुमालवाला दचकला. "काय?"

"सपान. या गोळीवाल्यांना सपान पडते ना. माझ्या सुनेला पडते. आमच्या पाड्याची बकरी तिने शोधली." आणि ती वाकली, त्याच्या पायाला हात लावला. मग पुढच्या बाईच्या. मग हेल्मेटवाल्याच्या.

मला जमीन फाटायला हवी होती. दवाखान्याची जमीन लादीची असते, ती फाटत नाही.

ज्यांच्याबरोबर आपलं माणूस एका ताटात जेवत नाही, अशी माणसं होती त्या लाईनीत. त्यांच्या पायाला कुणीतरी हात लावत होतं. आता कुणीतरी ओरडणार, आता कुणीतरी सगळं सांगून टाकणार, या भीतीने मी मुलीकडे बघत राहिले. मुलगी झोपली होती.

रुमालवाल्याने रुमाल खाली केला. "पडतात, मावशी," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यात लई पडली. मला होडीत घोडा दिसायचा. वल्हवायचा."

त्याच्या पुढची बाई शिक्षिका असावी, साडी तशी होती. ती भिंतीकडे बघूनच बोलली, "मला माझ्या सासऱ्यांचं लग्न दिसलं. नवरी मीच शोधली होती."

कुणीतरी फसकन हसलं. हेल्मेटमधून आवाज आला, "मला अजून पडतात." सगळे त्याच्याकडे वळले. त्याने हेल्मेट काढलं. पोरगाच होता. मग तो सांगायला लागला आणि लाईन पुढे सरकायची थांबली. आतून शितल मॅडमने डोकं बाहेर काढलं, कारण त्या दारापुढे आजपर्यंत हसण्याचा आवाज आला नव्हता.

आत गेले तेव्हा मी सगळं सांगितलं. मॅडमने पेन खाली ठेवलं.

"प्रसाद म्हणून?"

"हो."

"लहान मुलांना? गरोदर बाईला?"

"नाही. म्हाताऱ्यांनाच."

"रूपी, हे परत झालं तर एखाद्याच्या जिवावर येईल. आणि तुझी गोळ्यांची साखळी तुटली तर पोरीच्या." त्या रागावल्या होत्या. मग तोंडावर हात ठेवून खिडकीकडे बघत राहिल्या, त्यांचे खांदे हलत होते. "कारण काय लिहू मी?"

"देवीला लागल्या, असं लिहा."

"हरवल्या लिहिते." त्यांनी नवीन डबी दिली. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "हा पण आलाय." त्यांनी मला खुर्ची दिली, मी काठावरच बसले. "घाबरू नकोस. पहिला रिपोर्ट चांगला आहे. दूध चालू आहे तोवर आणि नंतरही गोळी चालू. अजून तपासण्या होतील. शेवटची, पोरगी दीड वर्षाची झाली की."

त्या खुर्चीने पहिल्यांदाच चांगली बातमी दिली. मी तिच्यावरून उठताना तिला हात लावून नमस्कार केला. आयेची सवय लागते.

येताना इकोमध्ये मुलगी परत आयेच्याच मांडीवर. आये तिची टाच हातात धरून बसली होती, जिथून रक्त घेतलं होतं तीच. मग म्हणाली, "केवढी लाईन होती गो. तुला वाटायचं तू एकटीच."

मी मुलीचं टोपरं नीट केलं.

"आता गोळ्या नाही वाटणार कुणाला. लाईनीतल्या माणसांना कमी पडतील." आणि नवी डबी तिने माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या चोळीत ठेवली. तिला काय कळलं आणि काय नाही, ते तिने सांगितलं नाही. रात्री तांब्या आणि गोळी घेऊन आली, रोजच्यासारखी. फक्त त्या दिवसापासून गोळी दिल्यावर मी गिळेपर्यंत ती दाराकडे तोंड करून उभी राहते, कुणी येतंय का बघत.

जिव्या भगताचं दुकान परत सुरू झालं. एकदाच दरिया बघितलेला माणूस, त्याला तेवढं पुरतं. माझ्या दारात आता कुणी येत नाही. हापशीवर माझा नंबर मधेच लागतो, जसा माणसाचा लागतो. मुलगी दीड वर्षाची झाली, तपासणी झाली, आणि पुढचं वाक्य मी सुरुवातीलाच चुकून सांगून बसले आहे.

तरी या गोष्टीच्या निमित्ताने संबंधित अधिकारी, जे कोणी असतील, त्यांच्याकडे नम्र मागणी करण्यात येते की, आमच्या पाड्यात रोज रात्री जेवणानंतर प्रत्येक व्यक्तीस, जिव्या भगत व पंचायतीचे सभासद धरून, एक पांढरी गोळी शासनामार्फत देण्यात यावी. गोळी साखरेची असली तरी चालेल. ती सर्वांनी दारात, उजेडात, एकाच वेळी गिळावी, म्हणजे अर्जदाराची गोळी त्यात दिसणार नाही व अर्जदाराच्या सासूस दाराकडे तोंड करून उभे राहावे लागणार नाही. शक्य असल्यास लाहू यांच्या बकरीसही एक द्यावी, कारण कागद तपासण्याचा अनुभव फक्त तिलाच आहे.